हाडात १८ ची रेघ नसते
न्यायवैद्यकाची ओळख : भाग ७

मागच्या भागात अक्कलदाढेवरून वयाचा अंदाज कसा बांधतात ते पाहिले. आता हाडांकडे वळू. आर्वी, हिंगणघाट किंवा समुद्रपूरच्या ठाण्यात एखाद्या मुलाला वा मुलीला आणले जाते, जन्मतारखेचा कागद सापडत नाही, आणि वयनिश्चितीसाठी रुग्णालयात पाठवावे लागते. मनगट, कोपर, खांदा, कंबर यांचे एक्स-रे निघतात आणि अहवालात 'वय १७ ते १९ वर्षे' असे काहीसे लिहून येते. कायद्याला मात्र एकच जाणून घ्यायचे असते : १८ पूर्ण झाली आहेत की नाहीत? माझे म्हणणे असे की, हाडाचे उत्तर सर्वांत कच्चे असते ते नेमके याच प्रश्नावर. अठराच्या बऱ्याच अलीकडे आणि बऱ्याच पलीकडे, या प्रश्नापुरती तीच साक्ष भक्कम असते.

लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेची चकती असते. वाढ संपत आली की ती हाडात रूपांतरित होते आणि टोक दांड्याशी जुळते. कोपर साधारण १४ ते १६ व्या वर्षी जुळते, मनगट १७ ते १९ च्या सुमारास, कमरेच्या हाडाची वरची कड त्यानंतर, आणि गळपट्टीच्या हाडाचे छातीकडचे टोक सर्वांत शेवटी, विशी उलटल्यावर. मुलींमध्ये हे सारे वर्ष-दोन वर्षे आधी घडते. यातला क्रम पक्का आहे, वेळापत्रक नाही. मनगटासाठी जगभर वापरला जाणारा ग्रॉइलिश आणि पाइल यांचा १९५० चा अॅटलास अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या सुखवस्तू घरांतील मुलांच्या एक्स-रेंवर उभा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतले गॅलस्टॉन यांचे आकडे १९३७ चे. जर्मन न्यायवैद्यक तज्ज्ञ श्मेलिंग यांनी दाखवून दिले की हाडांच्या वाढीचा वेग वंशापेक्षा आर्थिक-सामाजिक स्थितीवर अधिक अवलंबून असतो. गरिबीत वाढ रेंगाळते. म्हणजे अर्धपोटी वाढलेल्या शेतमजुराच्या मुलाचे मनगट त्याच्या खऱ्या वयापेक्षा लहान दिसू शकते. ही कुणाची चूक नव्हे, हे शरीराचे वास्तव आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या जया माला प्रकरणात अशा अंदाजात दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक पडू शकतो हे मान्य केले.

वय वाढत गेले की ही अनिश्चितता किती पसरते, हे पुण्यातल्या १९९४ च्या राठी हत्याकांडाच्या खटल्यात दिसले. फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याची २००५ मध्ये वैद्यकीय तपासणी झाली आणि वय २२ ते ४० च्या दरम्यान ठरले. अकरा वर्षे मागे मोजली तर गुन्ह्याच्या वेळी तो ११ ते २९ पैकी कितीही वर्षांचा असू शकत होता. त्या एका अंतरात शाळकरी पोर आणि प्रौढ माणूस दोघेही मावतात. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या दाखल्यावरून त्याचे तेव्हाचे वय १२ वर्षे ६ महिने धरले आणि त्याची सुटका केली. तोपर्यंत त्याची २८ हून अधिक वर्षे तुरुंगात गेली होती.

यावर पहिला आक्षेप तंत्राचा : सीटी, एमआरआय, संगणकाचे विश्लेषण हाताशी असताना जुन्या एक्स-रेची रड कशाला? गळपट्टीच्या हाडाचा सीटी खरोखर उपयोगी आहे; तिथले जुळणे पूर्ण झालेले दिसले तर व्यक्ती १८ च्या पलीकडे आहे हे मोठ्या खात्रीने सांगता येते. पण चित्र कितीही स्वच्छ आले तरी एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांची हाडे वेगवेगळ्या वेळी जुळतात, ते कोणतेही यंत्र बदलू शकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडचे कागद तरी कुठे खरे? शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहिलेली माणसे गावोगाव आहेत. तरीही २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ९४ वे कलम आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला, मग नगरपालिका-ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि हे दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी असा क्रम लावते, तो मला योग्य वाटतो. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली किंवा विदर्भातल्या जुन्या कोतवाल पंजीतली नोंद खटल्याच्या कितीतरी आधी झालेली असते. लिहिणाऱ्याला पुढचा गुन्हा ठाऊक नसतो. तिच्यातली चूक बहुधा काही महिन्यांची, आणि शाळाप्रवेशासाठी वय वाढवून सांगितले असेल तर दिशाही ओळखता येण्याजोगी.

उरतो संशयाच्या फायद्याचा प्रश्न, आणि इथे खरी अडचण आहे. आरोपी स्वतःच कोवळा असेल तर कमी वय धरणे त्याच्या हिताचे. पण पोक्सोच्या खटल्यात पीडितेचे वय अंदाजाच्या वरच्या टोकाला धरले की संरक्षण तिच्याच हातून निसटते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये वरचे टोक धरून त्यात आणखी दोन वर्षे मिळवावीत असे म्हटले. शिक्षा संशयापलीकडच्या पुराव्यावरच व्हावी, हे तत्त्व मलाही मान्य आहे. पण डॉक्टरांनी दिलेल्या १७ ते १९ मध्ये नैसर्गिक फरक आधीच धरलेला असेल, तर वर दोन वर्षे मिळवणे म्हणजे एकच अनिश्चितता दोनदा मोजणे. म्हणून सेवाग्राम असो, सावंगी असो की जिल्हा सामान्य रुग्णालय, अहवालात नुसते आकडे पुरेसे नाहीत. कोणते सांधे पाहिले, कोणते मापदंड वापरले, दिलेल्या अंतरात फरक धरला आहे की नाही, आणि कोणते वय निश्चितपणे बाद होते, एवढे तरी त्यात स्वच्छ लिहिलेले हवे.