एकाच मळ्याचे तीन पेले

आमच्या घरात कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, भरपूर दुधाची, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली चीज. जायफळ वगळले तर तिची चव आमच्यापैकी कुणाला सांगता आली असती, देव जाणे! त्यामुळे गेल्या जानेवारीत चिकमगळूरजवळच्या मळ्यात एका स्नेह्यांनी माझ्यापुढे बिनदुधाच्या कॉफीचे तीन पेले मांडले, तेव्हा मी मनातून घाबरलोच.

पहिला पेला स्वच्छ, लिंबासारखा किंचित आंबूस. दुसरा दाट, पिकल्या फणसाची आठवण करून देणारा. तिसऱ्यात आंबटपणा जवळजवळ नाहीच. वास भिजल्या मातीचा.

"तीन निरनिराळ्या जाती दिसताहेत," मी शहाणपण मिरवले.

यजमान बेळगावात शिकलेले. मराठी झकास बोलतात. हसून म्हणाले, "झाडं तीच, जमीन तीच. फरक सगळा तोडणीनंतरचा!"

कॉफीचे फळ करवंदाएवढे, लालचुटूक. आत गोड, चिकट गर आणि बहुधा दोन बिया. पहिल्या पेल्यासाठी तोडणीच्याच दिवशी साल काढून बिया टाकीत ठेवतात. गर आंबून सैल झाला, की धुऊन वाळवतात. गोडसर गर निघून गेल्याने बीची मूळची आंबूस चव उघडी पडते. दुसऱ्यासाठी अख्खे फळच उन्हात पसरतात. बी फळाच्या पोटातच वाळते; म्हणून तो फळाचा स्वाद.

तिसऱ्याची कथा मोठी गमतीची. शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून ही कॉफी महिनोन्‌महिने युरोपकडे जाई. दमट हवेने बिया फुगत, पिवळट पडत. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, प्रवास आटोपशीर झाला. पण जुन्या चवीला सरावलेल्या गिऱ्हाइकांना ताजा माल रुचेना, असे सांगतात. मग मंगळूरच्या किनाऱ्यावर व्यापाऱ्यांनी तीच दमट हवा मुद्दाम कामाला लावली. उन्हात वाळवलेल्या बिया मोकळ्या बाजूंच्या वखारीत पसरायच्या, दाताळ्याने फिरवायच्या, सैल पोत्यांत भरून त्यांतून पावसाळी वारा खेळू द्यायचा. तीन-चार महिने हा उद्योग! प्रवासात लागलेली खोड अशी कसब होऊन बसली.

हे सारे ऐकताना मला गंमत वाटत होती. यजमानांचे लक्ष मात्र घड्याळाकडे होते. त्या दिवशीची तोडणी टाकीत होती.

पहाटे दोनला त्यांच्यामागून मीही विजेरी घेऊन गेलो. त्यांनी मूठभर बिया चोळल्या. बुळबुळीत लागल्या. "अजून नाही. थंडी जास्त असली की वेळ लागतो. कधी चोवीस तास, कधी छत्तीस."

"आणि उशीर झाला तर?"

ते क्षणभर गप्प राहिले. "वडील गेले त्या रात्री टाकीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळा माल आंबून गेला. तो वास भाजून जात नाही, दुधानं लपत नाही. ते वर्ष कर्जावर काढलं."

चारच्या सुमारास त्यांनी पुन्हा बिया चोळल्या. खड्यांसारख्या खरखरल्या. त्यांनी हाक दिली, माणसे उठली, पाणी सुटले. तेव्हा कुठे यजमानांनी अंगावरची शाल सारखी केली.

घरी परतल्यावर सौभाग्यवतींनी सवयीने जायफळ काढले. मी म्हटले, "आज राहू दे."

"का? आवडेनासं झालं?"

"तसं नव्हे. एका माणसानं हिच्यासाठी रात्र जागवली आहे. आधी तिची चव तर घेऊ या!"