ऑनलाइन अध्यापन आणि ध्वनिविचाराचा वर्ग

मार्च २०२० मध्ये विद्यापीठे बंद झाली आणि ऑनलाइन अध्यापन हा हौसेचा प्रयोग न राहता अपरिहार्य व्यवहार होऊन बसला. त्यानंतर या पद्धतीच्या गुणदोषांविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु ते बहुतांशी सर्व विषयांना एकाच मापाने मोजणारे आहे. इतिहासाच्या वर्गात ध्वनी हे आशयाचे वाहन असते. ध्वनिविचाराच्या वर्गात ध्वनी हाच आशय होय. वाहन थोडे मोडले तरी श्रोता संदर्भाने अर्थ जुळवून घेतो. येथे तशी सोय नाही.

मराठीतील ‘च’ आणि ‘ज’ यांचेच उदाहरण घेऊ. ‘चंद्र’ यातील च तालव्य, ‘चोर’ यातील दंततालव्य. ‘जग’ म्हणजे विश्व, यातील ज तालव्य; ‘तू जग’ या आज्ञार्थातील दंततालव्य. लिपी हा भेद दाखवीत नाही, तो कानानेच शिकावा लागतो. ‘चोर’ मधील च उच्चारताना होणाऱ्या घर्षणाचा जोर मुख्यत्वे ४००० हर्ट्‌झच्या वर असतो, तालव्य च चा त्याहून खाली. जुन्या दूरध्वनीची वाहिनी मात्र सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा वाहून नेते. इंटरनेटवरील संभाषणासाठी २०१२ मध्ये प्रमाणित झालेली ‘ओपस’ ही पद्धती २०,००० हर्ट्‌झपर्यंत जाऊ शकते. परंतु जोडणी दुर्बळ झाली की तीही ४००० पर्यंत उतरू शकते. म्हणजे जे ऐकवावयाचे नेमके तेच गाळले जाते! पुढील स्वरात भेदाची काही खूण उरते, हे खरे. पण नवशिक्या कानाला ती पुरत नाही. शिवाय पार्श्वभूमीचा गोंगाट पुसणारी योजना पंख्याचा आवाज आणि ‘स’चे घर्षण यांत नेहमीच विवेक करते असे नाही.

हे केवळ तात्त्विक नव्हे. त्या वर्षीच्या श्रवणपरीक्षेत एका विद्यार्थिनीला मी वीसपैकी सहा गुण दिले. पुढे प्रत्यक्ष वर्ग भरू लागल्यावर तसेच शब्द तिने बिनचूक ओळखले. चौकशी करता कळले की, घरी इंटरनेट चालत नसल्यामुळे ती साध्या फोनवरून क्रमांक लावून वर्गास बसत असे. मी तिच्या कानाची नव्हे, तिच्या फोनच्या जोडणीची परीक्षा घेतली होती. गुणपत्रक तोवर निघून गेले होते.

तथापि या पद्धतीस विन्मुख होणे मला योग्य वाटत नाही. मुद्रित केलेला ध्वनी विद्यार्थी वीस वेळा ऐकू शकतो. वर्गात शिक्षकाचा घसा तितका टिकत नाही. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील बोर्स्मा व वेनिंक यांनी रचलेली ‘प्रात’ ही विनामूल्य आज्ञावली संगणकावर घेतली की, पूर्वी प्रयोगशाळेतच दिसणारे ध्वनीचे आलेख घरबसल्या काढता येतात. डेक्कन कॉलेजने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातील ध्वनिमुद्रणे खुली आहेत. आणि विद्यार्थी आपल्या गावी असतो, ही अडचण म्हणून सांगितली जाणारी गोष्ट बोलीविज्ञानाच्या दृष्टीने संधीच आहे: खानदेशातील आजीचे बोलणे तिच्या ओसरीवरच मुद्रित होते.

मात्र मुद्रणे असंकुचित फायलीच्या रूपाने आधी पाठवावीत, आणि जोडणी चालू असताना केवळ विवेचन व शंकासमाधान करावे. श्रवणपरीक्षाही त्या फायलींवरूनच घ्यावी. उच्चार सुधारण्याचे काम समोरासमोरच व्हावे. जिभेची जागा पडद्यावर दिसत नाही, आणि पुष्कळांचा कॅमेरा तर बंदच असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ मंचावरून पुरे करण्यास मुभा दिली. ते चाळीस टक्के कोणते, हे अभ्यासमंडळांनी विषयाचे स्वरूप पाहून ठरवावयाचे आहे. भाषेचा इतिहास, व्याकरणपरंपरा, समाजभाषाविज्ञान यांना त्यात खुशाल स्थान द्यावे. ध्वनिविचाराचे प्रात्यक्षिक त्यातून वगळावे, असे माझे मत आहे.