काचबिंदू : दाब ‘नॉर्मल’ आला, म्हणजे डोळा सुटला?

नाशिकजवळच्या एकलहरे परिसरात डोळे चुरचुरले की बोट आधी औष्णिक वीज केंद्राच्या राखेकडे जातं. राख डोळ्यात गेली की डोळा लाल होतो, खाजतो, हे खरंच. पण त्या राखेनं थेट काचबिंदू होतो, असं सिद्ध झालेलं नाही. धोका येतो तो खाज थांबवायला आणलेल्या बाटलीतून. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या थेंबांत अनेकदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली ओसरते, म्हणून तीच बाटली पुन्हा येते, घरातल्या मुलांच्या ॲलर्जीलाही तीच वापरली जाते. काही जणांच्या डोळ्यांतला दाब या थेंबांनी काही आठवड्यांतच चढतो आणि लक्षात येईपर्यंत डोळ्यामागच्या, नजरेच्या नसेचं नुकसान होऊन बसतं. काचबिंदूच्या सगळ्या कारणांत हे मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं, कारण ते पूर्णपणे टाळता येतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे नाव असेल, तर नेत्रतज्ज्ञांनी सांगितल्याशिवाय ती डोळ्यात घालू नये.

डोळ्यातला हा दाब रक्तदाबापेक्षा वेगळा. ‘बीपीची गोळी चालू आहे, मग डोळ्याचंही ठीक असेल’ या भरवशाला आधार नाही. डोळ्यात सतत एक पाण्यासारखा द्रव तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या कोनातल्या बारीक जाळीतून बाहेर जातो. मोरीची जाळी तुंबावी तशी ती हळूहळू तुंबली, की दाब वाढतो आणि मागची नस तंतू-तंतूनं मरते. दुखत नाही, लाली नाही. कडेचं दिसणं आधी जातं, समोरचं शेवटपर्यंत टिकतं, म्हणून पेपर वाचता येणाऱ्या माणसाचाही काचबिंदू बराच पुढे गेलेला असू शकतो.

दुसऱ्या प्रकारात कोनच एकाएकी बंद होतो. मग डोळा असह्य ठणकतो, लाल होतो, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात. याला पित्त किंवा अर्धशिशी समजून रात्र काढणं महागात पडतं. त्याच रात्री दवाखाना गाठायला हवा.

‘पिकू द्या, मग ऑपरेशन करू’ हा मोतीबिंदूसाठीचा जुना सल्ला इथे घातक आहे. मोतीबिंदूत गढूळ भिंग काढून नवं बसवता येतं. मेलेली नस बदलता येत नाही. थेंब, लेसर, शस्त्रक्रिया यांनी उरलेली नजर राखता येते, गेलेली परत येत नाही.

आता निदान. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे काचबिंदू तपासला, असं नाही. नुसता दाब मोजूनही भागत नाही. १० ते २१ मिलिमीटर (पारा) हा नेहमीचा पल्ला धरतात, पण त्याच्या आत असूनही नस खराब होणारे रुग्ण कितीतरी आहेत. शिवाय दाब दिवसभरात बदलतो आणि पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पातळ असलं तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या पाहणीत तिशीपुढच्या ४,७११ जणांचे डोळे तपासले, तेव्हा पारपटलाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली. युरोपीय लोकांत ती साधारण ५४० च्या आसपास असते. आपल्या माणसांच्या ‘नॉर्मल’ आकड्यावर विसंबताना हे ध्यानात ठेवायला हवं.

म्हणून दाबाबरोबर पारपटलाची जाडी मोजतात, आरशाची काच लावून कोन पाहतात (ही गोनिओस्कोपी घाईच्या तपासणीत हमखास राहून जाते), बाहुली मोठी करून नस निरखतात. मग पेरिमेट्री, म्हणजे नजरेच्या क्षेत्राची तपासणी : समोर ठिपका दिसला की बटण दाबायचं. पहिल्यांदा गोंधळ उडतो, निकाल बिघडतो, म्हणून ती पुन्हा करावी लागते. ओसीटी या स्कॅनमध्ये नसेच्या तंतूंच्या थराची जाडी कळते. सगळं जुळवूनच निदान होतं.

२०१० च्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू होता, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. चाळिशी ओलांडलेली असेल, मोठा मायनस नंबर असेल, डोळ्याला कधी मार बसला असेल, तर ही तपासणी करून घ्यावी. घरात एकाला काचबिंदू निघाला, तर त्याच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना त्रास नसतानाही सोबत न्यावं.