ऑटिझम, कायरोप्रॅक्टिक आणि तुलनागट

समजा, वाशिम जिल्ह्यात डेटा गोळा करताना रिसोडची एक आई तुम्हाला सांगते, "नागपूरला कायरोप्रॅक्टिक केलं, मणके दाबून घेतले, अन् लेकरू बोलायला लागलं." तिचं निरीक्षण खरं असेल. पण कारण? वाढत्या वयाने, सोबतच्या स्पीच थेरपीनेही फरक पडतो. म्हणून तुलनागट हवा.

१९९९ साली अमेरिकेत ऑटिझम असलेल्या काही मुलांना सिक्रेटिन हार्मोन दिलं, काहींना नुसतं सलाईन. कोणाला काय दिलं, हे पालकांना माहीत नव्हतं. सलाईनवाली मुलंही जवळपास तेवढीच सुधारलेली दिसली! कायरोप्रॅक्टिकबद्दल मात्र बहुतेक नोंदी एकेका मुलाच्या किंवा अगदी छोट्या अभ्यासांच्या आहेत.

तेव्हा प्रश्नावलीत हा प्रश्न ठेवाच: "त्याच महिन्यांत दुसरं काय चालू होतं?" आणि त्या आईला सांगा, स्पीच थेरपी थांबवू नका.