फोन वाजतो, पलीकडे कुणी नसते

फोन वाजतो, आपण ‘हॅलो’ म्हणतो आणि पलीकडून आवाजच येत नाही. दोन-तीन सेकंदांनी फोन बंद होतो. ही शांतता दरवेळी बिघाडामुळे येते असे नाही. बऱ्याचदा तो यंत्राने हिशेब करून पत्करलेला धोका असतो. गिऱ्हाईक शोधण्याच्या यांत्रिकीकरणाचे सारे गणित त्या शांततेत सापडते, असे मला वाटते.

संभाव्य गिऱ्हाइकाला विक्रीच्या धंद्यात ‘लीड’ म्हणतात. अशी नावे गोळा करायची, दुबार आलेली गाळायची, कुणाला आधी फोन करायचा ते ठरवायचे, पुन्हा आठवण द्यायची. हे काम पूर्वी विक्रेत्याच्या डायरीत चाले. आता ते संगणक करतो. वेबसाइटवर किमतींचे पान उघडले की काही गुण, माहितीपत्रक उतरवून घेतले की आणखी काही, महिनाभर हालचाल नसली की वजाबाकी. ठरावीक गुणांच्या वर गेलेले नावच विक्रेत्यापुढे येते. ही कारकुनी आहे आणि ती यंत्राने करावी, याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती ‘प्रेडिक्टिव्ह डायलर’पाशी. टेलिकॉलरने स्वतः नंबर फिरवला तर त्याचा बराच वेळ नुसती रिंग ऐकण्यात जातो. म्हणून हे यंत्र, समजा दहा जण मोकळे होणार असतील, तर आधीच पंचवीस नंबर लावते. किती जण उचलतील, चालू संभाषणे केव्हा संपतील, याचा अंदाज बांधते. अंदाजापेक्षा जास्त लोकांनी उचलले की उरलेल्यांच्या वाट्याला शांतता येते. अमेरिकेत अशा सोडून दिलेल्या फोनांवर तीन टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे असे काही सोडून दिलेले फोन कायद्यानेच मान्य केलेले!

या अंदाजामागचे गणित जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली फोनच्या वर्दळीला शक्यताशास्त्र लावून दाखवले. फोन करणाऱ्याला फार ताटकळावे लागू नये, यासाठी लाइनी आणि ऑपरेटर किती हवेत, हा पुढे त्याच्या अभ्यासाचा गाभा ठरला. डायलरने तोच विचार उलटा फिरवला. ऑपरेटरचा क्षण फुकट जाऊ नये म्हणून आता ताटकळतो तो फोन उचलणारा.

आपल्याकडे ‘ट्राय’ने २००७ मध्ये नको असलेल्या फोनांसाठी नोंदवही आणली, २०१० आणि २०१८ मध्ये नवे नियम केले. नकार नोंदवण्याचा क्रमांकही १९०९च. (का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंकही १९०९चाच, हा निव्वळ योगायोग.) पण नियम मुख्यतः विचारतात ते संमतीबद्दल; वेळ कुणाचा खर्च झाला, हे फारसे विचारत नाहीत.

आणि तो केवळ गिऱ्हाइकाचा नसतो. टेलिकॉलिंग केलेल्या काही मुलींशी मी बोललो. गिऱ्हाइकांच्या शिव्यांची त्यांना सवय झाली होती. डायलर आल्यावर गेली ती रिंग वाजतानाची अर्धी मिनिटे. त्या वेळात पाणी पिता येई, शेजारणीशी दोन शब्द बोलता येत. आता एक फोन ठेवताच कानात दुसऱ्याचे ‘हॅलो’ येते.