भूलतज्ज्ञ येईपर्यंत

गेल्या वर्षी दिवाळीनंतर चार दिवसांसाठी मी नेरूळहून सोलापूर जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी गेलो होतो. एका रात्री साडेअकराच्या सुमारास थोरल्या बंधूंना पक्षाघाताचा झटका आला. दादा अंथरुणावर मोठ्याने घोरत होते. दुकानातील दगदगीने गाढ झोप लागली असावी, असे वहिनींना वाटले. हलवून पाहिले तेव्हा शुद्ध नव्हती. बेशुद्ध माणसाचे घोरणे ही झोप नसते. सैल पडलेली जीभ मागे सरकून श्वासमार्ग अडवू लागल्याची ती खूण असते, हे मला त्या रात्री प्रथमच कळले.

पहिल्या दवाखान्याने दारातूनच पुढे पाठविले. दुसऱ्या ठिकाणी एकच तरुण एमबीबीएस डॉक्टर ड्यूटीवर होत्या. भूलतज्ज्ञ पाऊण तासाच्या अंतरावर. डॉक्टरांनी दादांची मान किंचित मागे झुकविली, हनुवटी वर उचलली, तोंडात एक लहानशी वाकडी नळी बसविली आणि घोरणे थांबले. प्राणवायू सुरू करताना त्यांनी विचारले, "काका, यांचे शेवटचे जेवण केव्हा झाले?"

"सूर्यास्तापूर्वी. त्यांचा चौविहार असतो."

त्यांच्या चेहऱ्यावर थोडे समाधान दिसले. पोटातील अन्न वर येऊन फुप्फुसांत उतरले तर दुसरे संकट उभे राहते. "तरीही आम्ही पोट भरलेलेच आहे असे धरून चालतो," त्या म्हणाल्या.

पुढे श्वास मंदावला, तेव्हा त्यांनी श्वासनलिकेत नळी घालण्याचा एकदा प्रयत्न केला. स्वरयंत्र दिसेना. त्यांनी तत्काळ उपकरण बाहेर काढले, दोन्ही हातांनी मास्क चेहऱ्यावर घट्ट धरला आणि परिचारिकेला ॲम्बू बॅग दाबण्यास सांगितले. भूलतज्ज्ञ येईपर्यंत एवढेच चालू होते. मी भिंतीवरील घड्याळ पाहत होतो. खोटे कशाला सांगू, मनात रागही आला होता की नळी घालता येत नसेल तर या बाई येथे कशासाठी?

माझे चुकले होते. प्राणवायूवाचून मेंदूला चार-पाच मिनिटांतच इजा होऊ लागते. पुन्हापुन्हा नळी घालण्याच्या हट्टात ती मिनिटे निघून जातात आणि घसा सुजून मास्कचा मार्गही बिकट होतो. पुतळ्यावर घेतलेल्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात थांबायचे केव्हा, हेच आपल्याला सर्वाधिक घोटवून घेतले, असे त्या डॉक्टरांनी नंतर सांगितले. 'ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशन'ने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: नळीचे प्रयत्न तीनपेक्षा अधिक नकोत, आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९५ टक्क्यांखाली उतरू लागले तर हातातील प्रयत्न सोडून आधी प्राणवायू द्यावा. त्या लेखनात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. शीला नैनन मायत्रा अग्रभागी होत्या.

तज्ज्ञांकडूनही हे विसरले जाते. इंग्लंडमध्ये २००५ साली एलेन ब्रॉमिली या तरुण मातेवर नाकाची साधी शस्त्रक्रिया व्हायची होती. अनुभवी डॉक्टर नळीच्याच मागे लागले. गळ्यातून श्वासमार्ग करण्याचे साहित्य परिचारिकेने आणून ठेवले होते, परंतु ते वापरले गेले नाही. एलेन वाचल्या नाहीत. त्यांचे पती वैमानिक. कोणाला शिक्षा व्हावी यापेक्षा असे पुन्हा घडू नये, यासाठी त्यांनी पुढे काम उभे केले. आमच्या बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत. कनिष्ठाच्या किल्लीवाचून वरिष्ठालाही ती उघडता येत नसे. शस्त्रक्रियागृहात मात्र कनिष्ठाच्या आवाजाला तसे कुलूप नाही.

महाराष्ट्रात हे प्रशिक्षण भूलतज्ज्ञांपुरते ठेवून भागणारच नाही. २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झालेल्या १०८ सेवेत गाडीवर डॉक्टर असतो, आणि त्यांपैकी अनेक जण आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. प्रसूतीच्या आणीबाणीसाठी एमबीबीएस डॉक्टरांना भूलशास्त्र शिकविण्याची केंद्र सरकारची योजनाही आहे. शिकलेले हात मात्र सरावाविना बोथट होतात. नेरूळमध्ये वैद्यकीय महाविद्यालय हाकेच्या अंतरावर असल्याने आपण निर्धास्त असतो. पण पहाटे दोनला लहान नर्सिंग होममध्ये असतो तो एक निवासी डॉक्टरच.

आपले ट्रस्ट रुग्णवाहिका देतात, डायलिसिसची यंत्रे देतात, त्यांवर नावाची पाटी शोभून दिसते. सरावाच्या रबरी पुतळ्यावर पाटी लावायला जागा नसते. श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजून नळी योग्य जागी बसली की नाही हे दाखविणारा कॅपनोग्राफ, किंवा घशातील दृश्य पडद्यावर आणणारा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप मागायला कोणी आपल्या दारी येत नाही, कारण मागावे हेच ठाऊक नसते.

दादा आता पुन्हा गादीवर बसतात. उजवा हात अजून पुरता चालत नाही. खतावणीतील आकडे डाव्या हाताने मांडतात. गेल्या महिन्यात त्यांनी फोन करून मला त्या पुतळ्याची किंमत विचारली. दोन विक्रेत्यांची दरपत्रके आली आहेत. प्रौढाबरोबर बालकाचाही पुतळा घ्यावा, असे डॉक्टर मॅडमचे म्हणणे आहे. दादा म्हणाले, "दोन्ही घे. बिल दुकानाच्या नावावर नको, माझ्या नावावर कर."