सुट्या भागांची वाट किती पाहायची?

ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येते, ते मुक्त सॉफ्टवेअर. ‘डेबियन’ ही अशीच एक संपूर्ण संगणकप्रणाली. तिच्यात हजारो सुटे भाग आहेत आणि ते वेगवेगळे गट आपापल्या सवडीने लिहितात. मग सर्वांची मिळून नवी आवृत्ती केव्हा काढायची?

समजा, चित्रे दाखवणारा एक प्रोग्रॅम आहे. चित्राची फाईल उलगडण्यासाठी तो दुसऱ्या गटाने लिहिलेला आज्ञासंच वापरतो. प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीला त्या संचाचीही नवी आवृत्ती लागते. पण ती अजून अपुरी आहे. म्हणजे प्रोग्रॅम तयार असूनही अडकला. त्याच संचावर आणखी वीस प्रोग्रॅम अवलंबून असतील, तर संच बदलताच तेही तपासावे लागणार.

डेबियनने २००० साली यासाठी एक चाळणी बसवली. नवा भाग प्रथम ‘अस्थिर’ शाखेत येतो. काही दिवसांत त्यात नवा गंभीर दोष आढळला नाही, आणि त्याला लागणारे भाग ‘चाचणी’ शाखेत आधीच असले किंवा त्याच्याबरोबर येत असले, तरच तो पुढे सरकतो. ही तपासणी संगणकच करतो.

चाळणीमुळे भाग एकमेकांशी जुळतात. तारीख मात्र ठरत नाही. डेबियनची ३.० आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि ३.१ थेट जून २००५ मध्ये. प्रणाली संगणकावर बसवून देणारा नवा प्रोग्रॅम पूर्ण व्हायचा होता, हे उशिराचे एक मोठे कारण. तोवर तयार झालेले इतर भागही थांबले आणि स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांना जुन्यावरच भागवावे लागले.

‘ग्नोम’ या प्रकल्पाने उलट वाट धरली. २००२ नंतर त्याने दर सहा महिन्यांनी आवृत्ती काढायची असे ठरवले. जे तयार असेल ते घ्यायचे, उरलेले पुढच्या खेपेला. सप्टेंबर २००४ मध्ये ग्नोम २.८ येणार हे आधीच ठाऊक असल्याने ‘उबुंटू’ला ऑक्टोबरमधल्या आपल्या पहिल्या आवृत्तीत ते घेता आले. तारखेवर विश्वास बसला, की दुसऱ्याचे अपुरे काम हिशेबात धरता येते. अर्थात तारीख म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. २००६ साली उबुंटूनेच एप्रिलची आवृत्ती अधिक तपासणीसाठी जूनवर ढकलली.

डेबियनने २००९ मध्ये मधला मार्ग काढला. प्रकाशनाची नव्हे, तर ‘गोठवण्याची’ तारीख आधी सांगायची. त्या दिवसानंतर नवी भर बंद, फक्त दुरुस्ती. दुरुस्त न होणारा भाग शक्यतो वगळायचा. तेव्हापासून तिथे साधारण दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. फळ्यावर सहा वर्तुळे काढा आणि ‘याला ते लागते’ असे बाण जोडा. एक वर्तुळ अपुरे ठरवून विचारा: कोणकोण अडकले? आणि बाण फिरून मूळ जागी आले, तर त्या वर्तुळांना एकदमच का सोडावे लागेल?